अंगण एक, दावेदार चार

नमस्कार काका,

आम्ही जुळे सोलापुरात राहतो. घरामागे वीस बाय तीस फुटांचं परसू आहे. मागच्या वर्षी जूनमध्ये सासूबाईंनी मोहोळजवळच्या आमच्या गावाहून दोन-अडीच महिन्यांच्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, आणल्या. आज चार गिरिराज जातीच्या आणि तीन गावरान अशा सात कोंबड्या आहेत, वर एक कोंबडा. शिवाय दीड वर्षाचा गावठी कुत्रा शेरू आणि मनी मांजर.

नवरात्राआधी रोज चार-पाच अंडी मिळायची. घट उठले आणि अंडीही थांबली. खुराडंभर पिसं पडतात, दोघींच्या तर माना उघड्या पडल्यात. सासूबाई म्हणतात नजर लागली. आमचे हे म्हणतात, बसून खाणार असतील तर दिवाळीत रस्सा करू. मी वाफे करून मेथी-कोथिंबीर टाकली, ती कोंबड्यांनी दोनदा उकरली. गेल्या रविवारी शेरूनं एक कोंबडी तोंडात धरली. सोडवली, पण तेव्हापासून ती कोपऱ्यातच बसते. शेजारच्या काकू कोंबड्याच्या आरवण्यावरून आणि वासावरून बोलतात. मी शाळेत शिकवते, साडेदहा ते साडेपाच घरी नसते. यातलं कुणीतरी घराबाहेर काढावं लागणार असं दिसतंय. कोंबड्या देऊन टाकू की कुत्रा?

– एक शिक्षिका, जुळे सोलापूर

ताई,

कोंबड्याही देऊ नका आणि शेरूही. कुणी जायचंच असेल तर एकट्या कोंबड्यानं जावं, ते का ते पुढं सांगतो. आधी ती कोपऱ्यात बसलेली कोंबडी बघू. बाकी सगळ्याला सवड आहे, तिला नाही.

आज रात्री अंधार पडल्यावर तिला हळूच उचला. अंधारात कोंबडी गुमान हातात येते, दिवसा धरायला गेलात तर पुन्हा पळापळ. पाठीवरची, पंखाखालची आणि शेपटीच्या बुडाची पिसं बोटांनी बाजूला करत बॅटरीच्या उजेडात कातडी नीट बघा. कुत्र्याचा दात बारीक भोक पाडतो, वरून पिसं मिटून जातात आणि आत पू धरतो. वरवर बघणाऱ्याला कोंबडी धडधाकट वाटते. भोक किंवा ओरखडा दिसला तर उकळून कोमट केलेल्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून जखम धुवा, मग औषधाच्या दुकानात मिळणारं पोव्हिडोन आयोडीन लावा. खोल भोकात हळद कोंबू नका, जखम आतून भरून यायला हवी. तिला चार दिवस वेगळं ठेवा, डालग्याखाली किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात, घरातच. कोंबड्यांना लाल दिसलं की बाकीच्या तिथंच टोचत राहतात, आणि बाहेर माशी बसली तर जखमेत अळ्या व्हायला वेळ लागत नाही. ती उभी राहत असेल, दाणा टिपत असेल तर सावरेल. खात नसेल, जखमेला वास येत असेल, पंख लोंबत असेल तर जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. जनावरांच्या मदतीसाठी १९६२ हा फुकट नंबरही आहे.

आता अंडी. नजर वगैरे काही नाही, आणि तुम्ही लिहिलंय त्यावरून रोगही वाटत नाही. कोंबड्या पिसं टाकतायत, एवढंच. मागच्या जूनला त्या दोन-अडीच महिन्यांच्या होत्या, म्हणजे आज दीड वर्षाच्या झाल्या. पहिल्या दसरा-दिवाळीला तलंगा बहुतेक अंडी देत राहतात. दुसऱ्या वर्षी मात्र दिवस लहान व्हायला लागला की जुनी पिसं उतरवतात आणि नवी घालतात. सोलापुरात जूनच्या अखेरीला दिवस सव्वातेरा तासांच्या आतबाहेर असतो, डिसेंबरात तो अकरा तासांवर येतो. आपल्याला फरक जाणवतो तो संध्याकाळी दिवा लवकर लावावा लागतो तेवढाच. कोंबडीच्या अंगातलं अंड्याचं सगळं काम मात्र उजेडाच्या हिशोबानं चालतं. मोठ्या पोल्ट्रीत चौदा-सोळा तासांचा उजेड पुरा करायला दिवे लावतात ते याचसाठी. तुम्ही खुराड्यात बल्ब लावू नका. तिला वर्षातून एकदा ही सुट्टी मिळू द्या, नंतरची अंडी थोडी कमी पण आकारानं मोठी येतात.

खात्री करून घ्यायची तर उघड्या पडलेल्या मानेवर बोट उलट्या दिशेनं फिरवा. कातडीतून बारीक, निळसर नळ्या वर आलेल्या लागतील, प्रत्येकीवर पांढरट पातळ आवरण. ते नवं पीस. ते आवरण फुटून गळतं, कोंडा पडल्यागत खाली पांढरा भुगा दिसतो, आणि आतलं पीस उलगडतं. त्या नळ्यांत रक्त असतं आणि दाबलं की दुखतं, म्हणून या दिवसांत मुलांना कोंबडी उचलू देऊ नका. पिसं डोक्या-मानेपासून सुरू होऊन छाती, पाठ, पंख, शेपूट अशी क्रमानं जातात. असा क्रम नसेल, फक्त पाठीवरचाच भाग उघडा असेल आणि पिसं मोडलेली असतील, तर ते कोंबड्याच्या नखांचं काम. बुडाजवळच उघडं असेल तर उवा किंवा गोचीड बघा. रात्री बॅटरी घेऊन बसायच्या दांड्याच्या खालच्या बाजूनं आणि फटींतून बोट फिरवा, रक्त प्यालेले बारीक लाल किडे असतील तर बोटाला डाग लागतो.

आजार कसा दिसतो तेही सांगून ठेवतो. पंख टाकून, डोळे मिटून बसणं, हिरवट पातळ हगवण, तोंड उघडं टाकून धापा, तुरा काळा-निळा पडणं, मान वाकडी होणं. शेवटचं ते मानमोडीचं, म्हणजे राणीखेतचं लक्षण. यातलं काही दिसलं तर ‘पिसं टाकतेय’ म्हणून बसून राहू नका.

पिसं टाकायच्या काळात कोंबडीला मदत करायची ती ताटातून. पिसात ८५ टक्क्यांच्या आसपास प्रथिनंच असतात, आणि सात कोंबड्यांना अंगभर नवा पोशाख शिवायचाय. तुम्ही काय खायला घालता ते लिहिलं नाही, पण सोलापुरातल्या परसातलं ताट ठरलेलं असतं: ज्वारी, उरलेला भात, भिजवलेला कडक भाकरीचा चुरा. ज्वारीत प्रथिनं दहा टक्क्यांच्या आसपास, आणि या दिवसांत हवीत सोळा ते अठरा. पशुखाद्याच्या दुकानात अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य मिळतं, त्यात ती भरलेली असतात. कोंबडीमागे दिवसाला शंभर ते एकशेवीस ग्रॅम, म्हणजे सातजणींना पाऊण किलोच्या वर थोडं. त्यातलं दोन तृतीयांश तयार खाद्य आणि उरलेली ज्वारी असं केलंत तरी चालेल. आठवड्यातून दोनदा मूठभर सुकट, पण खारवलेली असेल तर आधी दोन पाण्यांतून काढून. मीठ कोंबडीला बाधतं. सासूबाईंना मीठ-मिरच्या ओवाळून टाकायच्याच असतील तर टाकू द्या, त्यांचं समाधान होईल, फक्त ते मीठ खुराड्याच्या आसपास पडायला नको.

एका गोष्टीपुरतं सोलापूरकरांना जास्तच बजावून सांगावं लागतं. आपल्या घरात शेंगदाणा नाही असं होत नाही. चटणीला निवडताना बाजूला काढलेले काळपट, बुरशी धरलेले, कडू दाणे सरळ कोंबड्यांपुढे टाकले जातात. पावसाळ्यानंतर घरात राहिलेली शेंगदाण्याची पेंडही तशीच. या बुरशीत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते कोंबडीचं यकृत खातं, आणि भाजून किंवा शिजवून ते पूर्ण जात नाही. चांगली, कोरडी पेंड उत्तम. वास आलेली पेंड कुणालाच नको, म्हशीलासुद्धा.

पाण्याचं सोलापूरकराला काय सांगायचं! नळाला पाणी रोज येत नाही, पिंपात साठवूनच भागवायचं. पण कोंबड्यांच्या भांड्यातलं पाणी रोज बदला. एका कोंबडीला दिवसाला पाव लिटर लागतं, ऑक्टोबरच्या उन्हात त्याहून जास्त. भांडं सावलीत आणि विटेवर ठेवा, म्हणजे त्यात उकरलेली माती जाणार नाही. काढलेलं पाणी वाफ्याला घाला, वाया काहीच जात नाही.

हे सगळं सांभाळलंत तर दोन-तीन महिन्यांत पिसं भरून येतील. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा भरते, त्या सुमाराला पहिली अंडी दिसायला हरकत नाही. सगळ्या एकदम सुरू होणार नाहीत, गिरिराज आधी की गावरान आधी याची पैज लावू नका.

आणि यजमानांना सांगा, रश्श्यासाठीसुद्धा हा मुहूर्त चुकलाय. पिसं टाकणारी कोंबडी वजनाला उतरलेली असते, आणि कातडीत रुतलेल्या त्या नळ्या एकेक उपटत बसायला त्यांनाच लावा. पहिल्या कोंबडीनंतर विषय पुन्हा निघणार नाही.

आता मेथी. इथं कोंबड्यांची बाजू घेणं मला भाग आहे. तुम्ही माती भुसभुशीत केली, वर पाणी मारलं, बी पेरलं. कोंबडीला याहून स्पष्ट आमंत्रण मिळत नाही. उकरणं ही तिची खोड नव्हे, तिचं जेवायचं काम आहे, त्यामुळे हाकलून, ओरडून, झाडू फेकून ती शिकणार नाही. वाफा झाकायचा. मेथी चौथ्या-पाचव्या दिवशी वर येते आणि महिन्याभरात काढणीला होते, म्हणजे पहारा फार तर महिन्याचा. गावाकडची रीत सगळ्यात स्वस्त: बोरी-बाभळीच्या काट्या आडव्या-उभ्या टाकायच्या, पाय ठेवायला जागा राहत नाही. मुलं अनवाणी फिरत असतील तर वाफ्यावर वीतभर उंचीवर जाळी ताणा. जुनी शेडनेट चालेल, तारेची असेल तर अधिक चांगली. मेथीचा पाला जाळीच्या वर आला की कोंबड्या वरून खुडतील, खुडू द्या, मुळं सलामत राहतात. वांगी-टोमॅटोच्या रोपांना तळाशी चार विटा किंवा फुटक्या कुंडीचं कडं पुरतं. रोप हातभर झालं की कोंबडी त्याला काही करत नाही. टोमॅटोचं फळ लाल व्हायला लागल्यावर मात्र खालचे घोस तिचे.

याच कोंबड्या बागेत कामालाही येतात, त्यांना आत कधी सोडायचं एवढं कळलं पाहिजे. वाफा रिकामा झाला, की नव्यानं पेरायच्या आधी आठ दिवस त्यांना त्यात सोडा. गवताचं बी, हुमणीच्या अळ्या, किड्यांची अंडी वेचून काढतील आणि माती चाळून ठेवतील. आपली काळी माती परतीच्या पावसानंतर चिकटते आणि ऊन पडलं की भेगाळते. ओलसर असतानाच कोंबड्यांनी वर-खाली केली तर पुढची मशागत हलकी जाते. एक मात्र पाळा: ताजी विष्ठा थेट वाफ्यात नको. ती इतकी उष्ण असते की कोवळी मुळं जळतात, आणि मेथी-कोथिंबिरीसारखी कच्ची खायची, जमिनीलगतची भाजी त्यानं दूषित होते. खुराड्यातलं काढलेलं सगळं एका कोपऱ्यात ढिगाला लावा, एक घमेलं खुराड्यातलं तर दोन-तीन घमेली पाचोळा नाहीतर कडब्याची कुट्टी, वर पाण्याचा शिपका, पंधरा दिवसांनी एकदा उलथणं. दोन-तीन महिन्यांत वास गेलेलं, काळं, भुसभुशीत खत तयार. या हिशोबानं दिवाळीला लावलेला ढीग उन्हाळी भाजीपाल्याला मिळेल.

झेंडूचं एक सांगायचं राहत होतं. तुमच्या दारचा झेंडू असेल, त्यावर औषध मारलेलं नसेल, तर सुकलेल्या फुलांच्या पाकळ्या चुरून खाद्यात टाका. त्यातल्या रंगद्रव्यानं बलक गडद केशरी होतो, पोल्ट्रीच्या खाद्यातही झेंडूचा अर्क याचसाठी घालतात. बाजारातल्या हारांची फुलं नकोत, त्यावर काय मारलंय कुणास ठाऊक.

बाग, कोंबड्या, कुत्रा, मांजर, सगळ्यांना सगळं परसू सगळा वेळ मोकळं आहे, खरी गोची ती आहे. सहाशे फुटांचं परसू वाढवता येणार नाही, वेळ वाटता येते. आपल्या गावात भोंग्यावर मिलच्या पाळ्या बदलायच्या, एकाच सांच्यावर, म्हणजे मागावर, तीन माणसं दिवसभरात काम करायची आणि एकमेकांच्या पायात यायची नाहीत. तसं करा.

खुराड्याला लागून दहा बाय आठ फुटांचं जाळीचं आवार करून घ्या, वर अर्ध्या भागाला पत्रा किंवा कडब्याची सावली, एका कोपऱ्यात राख मिसळलेली कोरडी माती. त्या मातीत कोंबड्या लोळतात आणि अंगावरच्या उवा झटकतात. दिवसभर त्या तिथं. सकाळचा शेरू मोकळा, तुमचं आवरून होईपर्यंत. तुम्ही शाळेला गेलात की तो पुढच्या अंगणात. साडेचारच्या सुमारास सासूबाई खुर्ची टाकून मागे बसतील तेव्हा आवाराचं दार उघडायचं. सध्या सूर्य सहाच्या आसपास मावळतो. अंधारलं की कोंबड्या आपणहून खुराड्यात जातात, हाकायला लागत नाही. दीड तासात त्यांचं फिरणं होतं आणि बागेचं फार नुकसानही होत नाही. त्यांचं दार लागलं की परसू पुन्हा शेरूचं, रात्रभर. रात्री उघड्यावर फिरणारा कुत्रा ही खुराड्याची सगळ्यात चांगली राखण.

यात सासूबाईंची साथ लागणारच, आणि ती ‘तेवढं दार उघडाल का’ असं विचारून मिळणार नाही. कोंबड्या त्यांनी आणल्यात, गावाकडं त्यांनी ढिगानं पाळल्या असतील. खुराड्याचा कारभार त्यांच्याकडे सोपवा: खाद्य किती आणायचं, कोंबडी खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसली तर खाली अंडी ठेवायची की तिला उठवायची, कुणाला द्यायची, सगळं. तुम्ही बाग घ्या. सासू-सुनेची भांडणं मिटवायचा माझा धंदा नाही, पण एकाच खुराड्याला दोन मालकिणी असल्या की कोंबड्यांना दाणा दोनदा पडतो आणि पाणी एकदाही नाही, असं पुष्कळ घरांत पाहिलंय.

शेरूबद्दल. त्यानं कोंबडी धरली आणि मारली नाही, म्हणजे तो शिकारीपेक्षा खेळाच्या बाजूला आहे. दीड वर्षाच्या कुत्र्यासमोर काहीतरी फडफडत पळालं की तो मागे धावणार. नंतर दिलेला मार त्याला कोंबडीशी जोडताच येत नाही, तो फक्त मारणाऱ्याला भ्यायला लागतो. मेलेली कोंबडी गळ्यात बांधायचा सल्ला कुणी ना कुणी देईलच, तो ऐकू नका. त्यातून कुत्रा काही शिकत नाही आणि सडक्या मांसाचा आजार घरात येतो. रोज सकाळी, कोंबड्या आवारात असताना, दहा मिनिटं साखळीला धरून जाळीपासून लांब बसा, इतकं लांब की तो ताणणार नाही. त्यानं कोंबड्यांवरची नजर काढून तुमच्याकडे बघितलं की भाकरीचा तुकडा. दुसऱ्या दिवशी थोडं जवळ. ताणायला लागला तर मागं. दोन-तीन आठवड्यांत जाळीशेजारी आडवा पडून झोपला तरी त्याला कोंबड्यांबरोबर एकटं सोडायचं नाही, ते या जन्मी नाही. धरून ठेवायला माणूस हवाच. रेबीजची लस वर्षाची झालीय ना, तेवढं कार्ड काढून बघा.

मनीची फारशी काळजी नको. मोठ्या कोंबडीच्या वाटेला मांजर सहसा जात नाही, एकदा चोच खाल्ली की लांबूनच बघतं. दोन महिन्यांच्या आतली पिल्लं मात्र तिच्यापुढे सुरक्षित नाहीत. उलट ती उंदीर धरते हा फायदाच, कारण खाद्य तिथं उंदीर, आणि उंदीर तिथं साप. धान्य झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा, संध्याकाळी सांडलेलं झाडून घ्या. उंदराचं औषध घालू नका, ते खाल्लेला उंदीर मनीच्या नाहीतर शेरूच्याच पोटात जातो. खुराड्याला कोंबड्यांची षटकोनी जाळी असेल तर ती बदला. ती कोंबडीला आत ठेवते, कुत्र्या-मुंगसाला बाहेर ठेवत नाही. अर्धा इंची वेल्डमेश, म्हणजे जाड तारेची चौकोनी जाळी, लावा आणि कडेनं फूटभर जमिनीत गाडा. मुंगूस दिवसाढवळ्या येतं, म्हणून आवाराचीही तीच जाळी.

आता कोंबडा. अंडी द्यायला कोंबडा लागत नाही, हे घराघरात अजून सांगावं लागतं. तो लागतो पिल्लांसाठी. त्याच्या आरवण्याला उपाय म्हणून लोक खुराड्यावर पोतं टाकतात, पण जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिलं की कोंबडा पहाट ओळखतो ती अंगातल्या घड्याळावर. चोवीस तास मंद उजेडात ठेवला तरी वेळ चुकवत नाही. त्यात सात कोंबड्यांमागे एक कोंबडा म्हणजे त्यांच्या पाठीची नवी पिसं उगवायच्या आत मोडणार. त्याला मोहोळला पाठवा, तिथं त्याच्या आरवण्याला कुणाची हरकत नाही. पुढं पिल्लं हवी वाटली तर गावाहून फळलेली अंडी आणून खुडूक कोंबडीखाली ठेवा, एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर.

वासाच्या बाबतीत मी शेजारच्या काकूंच्या बाजूनं आहे. नीट ठेवलेल्या खुराड्याला वास येत नाही. वास ओलाव्याचा असतो. खाली चार बोटं जाडीचा कोरडा थर द्या: भाताचं तूस, लाकडाचा भुसा, किंवा आपल्याकडे सहज मिळणारी भुईमुगाची टरफलं, फक्त पावसात भिजलेली, बुरशीची नकोत. आठवड्यातून दोनदा दाताळ्यानं हलवा, पाण्याच्या भांड्याखालचं ओलं लगेच काढून ढिगावर टाका. आठ दिवसांत फरक कळेल. काकूंना हे करण्याआधी जाऊन सांगा, करून झाल्यावर नव्हे. कोंबडा जातोय हे ऐकूनच निम्मा राग उतरेल.

दिवाळी तोंडावर आहे म्हणून हे लवकर छापायला दिलंय. फटाके सुरू व्हायच्या आत, उजेड असतानाच कोंबड्या आत घेऊन खुराड्याला तीन बाजूंनी गोणपाट लावा, एक बाजू वाऱ्याला उघडी. कोंबडीला अंधारात दिसत नाही. घाबरली की सगळ्या एका कोपऱ्यात एकीवर एक चढतात आणि खालची गुदमरते. त्या रात्री शेरू मागे नको, घरातल्या आतल्या खोलीत, दार लावून, पंखा किंवा टीव्ही चालू. फराळ कुणालाच घालू नका. चकली-चिवडा कोंबड्यांना मिठामुळे वाईट. लाडवातले बेदाणे आणि चॉकलेट कुत्र्याला विषारी, बेदाण्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. कांदा कुत्र्या-मांजराला दोघांनाही नको. पाहुण्यांच्या पोरांना हे आल्या आल्या सांगा, शेरूला लाडू भरवणारा एक भाचा प्रत्येक घरात असतो.

लसीचं विसरू नका. थंडी सुरू होताना मानमोडी येते. सरकारी दवाखान्यात विचारा, लासोटा लस पाण्यातून देता येते. कुपी शंभर किंवा जास्त कोंबड्यांची असते आणि उघडली की ठेवता येत नाही, म्हणून आसपास कुणी पाळत असेल तर एकाच दिवशी मिळून द्या. नळाच्या क्लोरीनच्या पाण्यात लस मरते, बोअरचं किंवा उकळून गार केलेलं घ्या. आणि कधी दोन-तीन कोंबड्या एकदम, काही न होता मेल्या, किंवा परसात मेलेले कावळे दिसले, तर हात लावू नका, मनीला तिकडे जाऊ देऊ नका, दवाखान्याला कळवा. परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला जानेवारी २०२१ मध्ये बर्ड फ्लू निघाला तो असाच, कोंबड्या पटापट मरायला लागल्या तेव्हा. रोज खुराड्यात हात घातला की साबणानं धुवायचा, हे मुलांच्या अंगवळणी पाडा.

मेथी या रविवारी पुन्हा पेरा, जाळी आधी आणून मग. फेब्रुवारी उजाडला, पिसं भरली, तुरे लाल झाले आणि तरी कुणी अंडं देत नसेल, तर कोणती कोंबडी कशी दिसते ते लिहून पाठवा. तेव्हा एकेकीची पाहणी करून बघू.